बघा बरं, आता आलं का?

आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये “तुमच्याकडे किती येतं?” हा प्रश्न फार जुना आहे. पूर्वी तो पाण्याबद्दल असायचा. उत्तर मिनिटांत द्यायचं असे आणि डोंबिवलीतल्या कोणत्याही माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी ते त्याला पाठ असे. हल्ली तोच प्रश्न नेटबद्दल विचारतात आणि उत्तर एमबीपीएसमध्ये द्यावं लागतं. तिसऱ्या मजल्यावरच्या आप्पांनी मला तो विचारला तेव्हा मी “येतं की बऱ्यापैकी,” असं म्हणालो. आप्पा बँकेतून निवृत्त झालेत. ‘बऱ्यापैकी’ ही रक्कम त्यांच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही.

“आमच्याकडे दोनशे नव्वद,” ते म्हणाले. “बेडरूममध्ये दोनशे साठ. संडासात जरा कमी पडतं.”

घरी आलो आणि चपलाही न काढता वेग मोजला. आमचा प्लॅन तीनशेचा. हॉलमध्ये चौऱ्याऐंशी, स्वयंपाकघरात बावीस, बेडरूममध्ये नऊ. त्या क्षणापर्यंत आमचं नेट उत्तम चाललं होतं. आकडा दिसला आणि ते स्लो झालं. फ्रिजवर बसून रोज रात्री निमूटपणे मालिका दाखवणारा आमचा एक अँटेनाचा राउटर मला एकाएकी कामचुकार वाटू लागला.

“मी कधीपासून हेच सांगतोय,” मुलगा म्हणाला.

“तू सांगून काय होतंय?” बायको म्हणाली. “आप्पांनी सांगायला हवं.”

तर नवा राउटर आला. त्याला सहा अँटेना. मी तो खोक्यातून काढत होतो तेव्हा आई शेजारी भाजी निवडत बसली होती.

“एवढ्या काड्या कशाला रे?”

“अँटेना आहेत त्या, आई. घरभर रेंज जावी म्हणून.”

“मोजे वाळत घालता येतील का त्यांच्यावर?”

“अगं, यंत्र आहे ते. तापतं.”

“मग लवकर वाळतील की.”

आमच्या घरात कोणतंही यंत्र आधी हळदकुंकू लावून घेतं आणि मग चालू होतं. मिक्सर, स्कूटर, पाण्याचा फिल्टर, सगळी या रांगेतून गेलेली आहेत. राउटरला कपाळ नेमकं कुठे असतं असला प्रश्न आईला पडला नाही. पुढच्या कडेला बारीक छिद्रांची एक ओळ होती. तिच्या बरोबर मध्यावर आईने अनामिका टेकवली, जरा दाबली, कुंकू ठसठशीत उमटलं आहे याची मान तिरकी करून खात्री केली आणि वर अक्षता टाकल्या. एक अक्षत अँटेनाच्या बिजागरीत शिरली. ती अजून तिथेच आहे. तेवढी एक अँटेना वळवली की करकर वाजते.

खोक्यात एक घडीचं पत्रक होतं. त्यात जगातल्या बऱ्याच भाषा होत्या, आपली सोडून. पण चित्रं होती. चित्रातला माणूस इतका प्रसन्न की त्याच्या घरी नेट आधीपासूनच असावं. राउटरच्या पाठीला एकाच मापाची पाच भोकं. एक निळं, ते बाहेरून नेट आत घेणारं. चार पिवळी, ती घरात वाटणारी. भिंतीवर कंपनीचा पांढरा डबा होताच. खांबावरून काचेच्या तारेतून येणारा प्रकाश तो आत घेतो आणि पुढच्या यंत्राला समजेल अशा विजेच्या खुणांत उतरवून देतो. त्या डब्यातली वायर नव्या राउटरच्या निळ्या भोकात घातली, टक् असा आवाज आला, बटण दाबलं आणि घरातली पाच माणसं पाच बारक्या दिव्यांकडे बघत उभी राहिली. पाचवी व्यक्ती म्हणजे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी. त्यांचा आमच्या नेटशी संबंध नाही, पण उत्सुकतेला प्लॅन लागत नाही.

पॉवरचा दिवा हिरवा झाला. वायफायचा हिरवा झाला. मधला, इंटरनेटचा, लाल.

“लाल म्हणजे नाही आलं,” मुलगा म्हणाला.

“जरा दम धर. नवीन आहे तो,” मी म्हणालो. यंत्राला माणसाळायला वेळ द्यावा हे माझं जुनं मत आहे. पण दिवा लालच राहिला. मी कस्टमर केअरला फोन लावला. मराठीसाठी दोन दाबा म्हणाले, मी दोन दाबलं आणि हिंदीत नमस्कार झाला.

“सर, राउटर बंद करा, तीस सेकंद थांबा आणि मग चालू करा.”

या तीस सेकंदांची मी अनेकांजवळ चेष्टा केलेली आहे, पण त्यांत तथ्य आहे. प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये थोडी वीज शिल्लक राहते. ती निघून गेली की यंत्र खरोखर बंद होतं आणि नव्या मनाने उठतं. आमच्याकडे तीस सेकंद घड्याळावर मोजत नाहीत. आई एकदा शुभंकरोति म्हणते, तेवढ्यात होतात. तिने म्हटलं, मी बटण दाबलं, दिवे लागले. मधला लाल.

“सर, कोणता लाइट लाल आहे? एलओएस?”

एलओएस हा पांढऱ्या डब्यावरचा दिवा. तो लाल झाला तर काचेच्या तारेतून प्रकाशच येत नाही असं समजायचं. तो विझलेला होता, म्हणजे ठीक होता. “नाही, राउटरवरचा. इंटरनेटचा.”

“सर, त्या मॉडेलमध्ये तो लाइट लाल होत नाही. हिरवा होतो, नाहीतर ऑरेंज.”

“अहो, मी समोर उभा आहे. लाल आहे.”

“सर, लाल होऊच शकत नाही.”

“तुम्ही कुठून बोलताय?”

“सर, इंदूरवरून.”

“मग इंदूरवरून तुम्हाला दिसतोय आणि मला दिसत नाही?”

एवढ्यात मुलाने पुढे होऊन नखाने दिवा खरवडला. कुंकू निघालं. खालून नारिंगी दिवा बाहेर आला. मी “ऑरेंज आहे” असं सांगायला तोंड उघडलं तोवर इंदूरने फोन ठेवला होता आणि माझ्या मोबाइलवर ‘आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात, १ ते ५’ असा निरोप आला होता.

आता प्रकरण माझ्या हातात आलं. मी संगणकाचा अभियंता नाही, पण मला पिंग येतं. लॅपटॉपवर काळी खिडकी उघडून पांढऱ्या अक्षरांत काहीतरी टंकणारा माणूस घरच्यांना तज्ज्ञ दिसतो, आणि ती संधी मी सोडत नाही. पिंग म्हणजे फार काही नसतं. आपलं यंत्र दुसऱ्या यंत्राला विचारतं, “आहेस का?” ते म्हणतं, “आहे.” या उत्तराला किती वेळ लागला तो मिलिसेकंदात लिहून येतो. बस्स. यासाठी पदवी लागत नाही, पण मी खुर्ची पुढे ओढून, बोटं मोडून बसलो.

पहिलं पिंग १२७.०.०.१ ला केलं. लगेच उत्तर. पुन्हा उत्तर. एक मिलिसेकंदाच्या आत.

“आलं!” बायको म्हणाली.

“बाबा, ते तू स्वतःलाच विचारलंयस,” मुलगा म्हणाला. “तो पत्ता म्हणजे आपलाच लॅपटॉप.”

खरं होतं. जगातल्या प्रत्येक संगणकाला १२७.०.०.१ म्हणजे स्वतः वाटतो. पण सुरुवात स्वतःपासून करावी असं पुस्तकातही सांगितलेलं असतं, आणि शिवाय त्या दिवसभरात मला या घरात विनातक्रार मिळालेलं ते पहिलं उत्तर होतं. मी ते थोडा वेळ चालू ठेवलं.

मग राउटरला विचारलं. घरगुती राउटरांचा नेहमीचा पत्ता १९२.१६८.१.१. हा पत्ता खाजगी आहे. तुमच्या घरात असतो, आप्पांच्या घरात असतो, पृथ्वीवर लाखो घरांत असतो आणि उंबऱ्याबाहेर त्याला कोणी ओळखत नाही. उत्तर आलं: “आहे.” मग बाहेर विचारलं. ८.८.८.८ हा गुगलचा पत्ता. २००९ पासून लोक त्याचा खरा उपयोग सोडून बाहेरचं जग जागेवर आहे ना एवढंच बघायला त्याच्या दारावर थापा मारत आलेत. तिकडून काही नाही. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट.’ पुन्हा तेच. मग मी ट्रेसराउट चालवलं. आपली विचारणा वाटेत कोणकोणत्या राउटरांवरून जाते त्याची यादी ते देतं. पहिल्या ओळीत आमचाच राउटर आला आणि दुसऱ्या ओळीपासून नुसत्या तारका. घराबाहेर पाऊल न टाकता मला तारे दिसले.

“म्हणजे नक्की काय झालंय?” बायकोने विचारलं.

“घराच्या आत सगळं ठीक आहे,” मी गंभीरपणे म्हणालो. “अडचण बाहेर आहे.”

“हे तू प्रत्येक बाबतीत म्हणतोस.”

या सगळ्या काळात आतल्या खोलीतून आईचा आवाज येत होता. ती नाशिकच्या मावशीशी व्हिडिओ कॉलवर बोलत होती. “माझं तर चालतंय रे!” असं तिने दोनदा ओरडून सांगितलं. आम्ही लक्ष दिलं नाही. “आधीचं साठलेलं असेल,” असं मी मुलाला समजावलं. व्हिडिओ कॉल आधीचा साठवता येतो का, असं त्याने विचारलं नाही. तोही दमला होता.

शेवटी नेटवाल्या मुलाला बोलावलं. तो संध्याकाळी आला. पाठीला सॅक, एका कानात इअरफोन, दुसरा कान आमच्यासाठी मोकळा. वय बाविशीच्या आतबाहेर. आल्या आल्या त्याने मला काका म्हटलं. बायकोला मात्र ताई. त्या क्षणी मी त्याच्या ज्ञानाबद्दल साशंक झालो.

“मी पिंग केलंय,” मी त्याला सांगितलं. “लूपबॅक ओके, गेटवे ओके, पुढे पॅकेट ड्रॉप.”

“हो का?” तो म्हणाला आणि त्याने पांढऱ्या डब्यातली हिरवी पिन काढली. खिशातून नोकियाच्या जुन्या फोनएवढं मीटर काढून तिला लावलं. “मायनस एकोणीस. एकदम मस्त.”

“उणे आहे तर मस्त कसं?” आईने दारातून विचारलं. ती कॉल संपवून आली होती.

“आजी, यात सगळं उणेच असतं. मायनस सत्तावीसच्या खाली गेलं तर प्रॉब्लेम.”

“आमच्या वेळी उण्यात आलं की घरी बोलावणं यायचं,” आई म्हणाली. ती शाळेत शिक्षिका होती.

मग त्याने स्वतःच्या मोबाइलवर राउटरचं पान उघडलं, अंगठ्याने वरखाली केलं आणि हसला. “काका, तुमच्या दोन्ही डब्यांचा ॲड्रेस सेम आहे.”

आता मामला असा होता. कंपनीचा डबा स्वतःला १९२.१६८.१.१ म्हणत होता. आमचा नवा राउटरही स्वतःला १९२.१६८.१.१ म्हणत होता. दोघे एकाच वायरच्या दोन टोकांना बसलेले. घरातलं कोणतंही यंत्र “मला बाहेर जायचंय” म्हणालं की राउटरला कळेना, हा रस्ता आत जातो की बाहेर. मघाशी मला “आहे” म्हणून इतकं तत्पर उत्तर आलं ते आमच्याच राउटरने दिलेलं होतं आणि पलीकडचा डबा त्याच नावाने गप्प बसून होता.

“मग एकाने बदलावा पत्ता,” आई म्हणाली. “लग्न झाल्यावर मी नव्हता का बदलला? नावसुद्धा बदललं.”

“आजींना कळलं बघा,” नेटवाला म्हणाला. त्याने नव्या राउटरच्या पत्त्यात एका ठिकाणी १ काढून ० घातला. १९२.१६८.०.१. दिवे विझले, लागले, मधला नारिंगी झाला, थोडा विचार करून हिरवा झाला. मेजावरच्या माझ्या काळ्या खिडकीत मी चालू ठेवलेलं पिंग तेव्हाही हाका मारत होतं. तिथे ‘टाइम्ड आउट’च्या रांगेखाली अचानक ‘रिप्लाय, रिप्लाय, रिप्लाय’ सुरू झालं.

“आलं!” मी ओरडलो. सगळ्यांनी नेटवाल्याकडे कौतुकाने पाहिलं.

मला यात फार वाईट वाटलं नाही, कारण मला पिंगचा इतिहास ठाऊक आहे. १९८३ च्या डिसेंबरात अमेरिकन लष्कराच्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेत माइक म्यूस नावाचे गृहस्थ नोकरीला होते. तिथलं नेटवर्क विचित्र वागू लागलं. बिघाड कुठे आहे ते शोधायला त्यांनी संध्याकाळी बसून एक छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला. पाणबुडीतलं सोनार आवाज सोडतं आणि प्रतिध्वनीवरून समोर काय आहे ते ओळखतं, त्या आवाजावरून त्याचं नाव पिंग ठेवलं. पहाट व्हायच्या आत प्रोग्रॅम तयार झाला. पण त्यातून पहिला “आहेस का?” सुटण्याच्या आधीच त्यांच्या एका सहकाऱ्याने बिघडलेलं हार्डवेअर दुरुस्त करून टाकलं होतं! आता गंमत बघा. दुरुस्त करणारा कोण होता हे फारसं कोणाला ठाऊक नाही आणि तपासणाऱ्याचं नाव चाळीस वर्षं टिकून आहे. हे मी नेटवाल्याला सविस्तर सांगितलं. त्याने दोन्ही कानांत इअरफोन घातला.

पण जाताजाता तो थबकला. “काका, वायर जुनीच लावलीये ना? शंभरवर लिंक झालीये.”

त्याने पिन कापली. वरचं राखाडी आवरण बोटभर सोललं, आतून चार पिळाच्या जोड्या निघाल्या. आठ तारा. त्याने पीळ उलगडले, तारा अंगठ्याखाली घासून सरळ केल्या आणि पुटपुटत ओळीत लावल्या: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. टोकं एका रेषेत कापली, नव्या पिनेत सरकवली, उजेडाकडे धरून आठही टोकं समोरच्या भिंतीला टेकलीत का ते पाहिलं आणि पक्कड आवळली. कट्ट. इतका वेळ कोणी काही बोललं नाही. आमच्या घरात ही गोष्ट नोंद करण्यासारखी आहे.

“आतली एक तार तुटली होती,” तो म्हणाला. “शंभरला चार तारा पुरतात. त्यापुढे जायचं तर आठही लागतात.”

“म्हणजे,” बायको सावकाश म्हणाली, “जुन्या राउटरलाही ही नवी पिन लावली असती तर हॉलमध्ये स्पीड आलं असतं?”

“आलं असतं की. त्याची काय चूक? वायर होती.”

सगळ्यांनी फ्रिजवरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. “रेंजला सहा अँटेना बऱ्या,” मी म्हणालो. त्यावर आजवर कोणी काही बोललेलं नाही, पण वीजबिल भरायच्या दिवशी बायको अँटेना मोठ्याने मोजते.

नेट आलं आणि खरी तपासणी सुरू झाली. पत्रकात म्हटलं होतं की राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर, मोकळ्या जागी, लोखंड आणि पाणी यांपासून दूर ठेवावा. आमच्या घराच्या मध्यभागी लोखंडी कपाट आहे आणि उंचावर पाण्याची टाकी. मोकळी जागा शोकेसच्या वर होती. तिथे तो तासभर राहिला. “हॉलमध्ये काड्या नकोत,” असा ठराव झाला आणि तो देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर गेला. तिथून सर्व खोल्यांत बऱ्यापैकी पोचतो. कुंकू आता अँटेनाच्या टोकाला लागतं.

मग लक्षात आलं की जेवायच्या वेळी स्वयंपाकघराजवळ माझं पिंग गळतं. पाच उत्तरं येतात आणि मग दोन मिनिटं शुकशुकाट. मी तक्ता केला. गळतीची वेळ आणि भाजी गरम करायची वेळ तंतोतंत जुळली. मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो आणि जुनं वायफाय २.४ वर, दोघे एकाच पट्ट्यात. दार कितीही घट्ट असलं तरी थोडं बाहेर झिरपतंच, आणि वायफायला तेवढं पुरतं. “पाच गिगाहर्ट्झवर गेलं की हा त्रास नाही,” मी जाहीर केलं. “मात्र त्या लहरी भिंतीतून फारशा जात नाहीत.”

“मग ठरव,” आई म्हणाली. “भाजी गार खायची की भिंत पाडायची?”

नेट नीट चालायला लागलं याचा सगळ्यांना आनंद झाला असेल असं मला वाटलं होतं. मुलगा गेम हरला की पूर्वी “लॅग आहे” म्हणायचा. आता त्याचं पिंग बारा मिलिसेकंद येतं आणि तो तरीही हरतो. दोन दिवस तो गप्प होता, मग त्याने सर्व्हरमध्ये दोष शोधला. बायकोची अडचण याहून मोठी. ऑफिसच्या मीटिंगमध्ये नको तो विषय निघाला की “आवाज तुटतोय, सर” म्हणून तिला बाहेर पडता येत असे. आता चित्र इतकं स्वच्छ जातं की मागच्या दोरीवरचे टॉवेल साहेबांना मोजता येतात. “तुझा राउटर थोडा कमी चांगला चालेल असं करता येतं का?” असं तिने मला विचारलं.

आप्पा तपासणीला रविवारी आले. स्वतःचा फोन घेऊन. बाहेरच्या माणसाच्या फोनवर आलेला आकडा तो खरा, असं त्यांचं मत. चहा येईपर्यंत त्यांनी एक सिनेमा उतरवायला लावला. पडद्यावर पस्तीस एमबी असं आलं.

“तीनशे कुठे आणि पस्तीस कुठे? फसवलं तुम्हाला.”

“आप्पा, ते बाइट. प्लॅन बिटमध्ये असतो. आठ बिटांचा एक बाइट. तीनशेला आठने भागा.”

आप्पांनी मनात भागलं. “साडेसदतीस. म्हणजे अडीच कुठे गेले?”

अडीचाचा हिशेब लागेना म्हणून त्यांनी वेगचाचणी लावली. त्यांचा आकडा कमी येऊ नये म्हणून मी माझ्या फोनवर लावली. मुलाने त्याच्या, बायकोने तिच्या. आप्पांना सत्तर आले. मला अडुसष्ट. बायकोला एकाहत्तर, मुलाला एकोणसत्तर. मी खचलो. पण आप्पांनी कागद मागवला, चारही आकडे एकाखाली एक लिहिले आणि बेरीज केली. दोनशे अठ्ठ्याहत्तर.

“टॅली होतंय,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा मार्चअखेरीला रात्री नऊ वाजता ताळेबंद जुळलेल्या कॅशियरचा झाला होता. “आपण चौघे मोजत होतो म्हणून कमी येत होतं. कोणी मोजलं नाही तर पूर्ण येतं.”

हे वाक्य आप्पा सहज बोलून गेले आणि बिस्किटाकडे वळले.

वास्तविक कुरकुर करायला आम्हाला जागा नाही. १९९५ च्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने आपल्याकडे सामान्य माणसाला इंटरनेट खुलं केलं, त्यानंतरची काही वर्षं ज्यांनी काढली त्यांना आठवत असेल. मोडेम किंचाळायचा, मग घोगरा व्हायचा, मग दोन्हीकडून घासाघीस ऐकू यायची आणि जुळलं तर जुळलं. फोनची आणि नेटची तार एकच. “फोन कोणी उचलू नका!” असं ओरडून मी एक चित्र उतरवायला लावायचो. ते वरून खाली उलगडत यायचं. कपाळ दिसेपर्यंत चहा, नाक दिसेपर्यंत अंघोळ आणि हनुवटीच्या आधी हमखास कोणीतरी फोन उचलायचं. सरकारी धोरणात २००४ साली २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत. २०२३ पासून किमान २ एमबीपीएस लागतात. या हिशेबाने ज्या बेडरूममधल्या नऊसाठी मी नवा राउटर आणला, तिथे साडेचार ब्रॉडबँड आधीपासून येत होते.

घरात समाधानी फक्त आई. तिची तपासणी रोज संध्याकाळी होते.

“दिसतेय का मी?” ती विचारते.

“दिसतेस,” मावशी म्हणते. “मी?”

“दिसतेस. आवाज येतोय?”

“येतोय. माझा?”

“येतोय.”

“बरं, ठेवू मग?”

“ठेव.”

पिंगमध्ये याहून अधिक काही नसतं. फोन ठेवून आई बाहेर येते आणि मला सांगते, “छान चाललंय हो तुझं यंत्र. पैसे वसूल.” घरात दुसऱ्या कोणी असं म्हटलेलं नाही, त्यामुळे मी रोज त्या वेळी तिच्या खोलीच्या आसपास असतो.

परवा संध्याकाळी वीज गेली. राउटर गेला, पांढरा डबा गेला, मुलाचा गेम गेला, बायकोची मीटिंग गेली आणि तिच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी शांतता पसरली. अंधारात आतून आवाज आला.

“दिसतेय का मी?”

“अंधार दिसतोय गं. आवाज येतोय तुझा.”

मुलाने आणि मी एकमेकांकडे पाहिलं. आत गेलो. मी हळूच आईच्या फोनच्या वरच्या कोपऱ्यात बघितलं. वायफाय बंद होतं. कॉल सिमकार्डावर चालला होता.

“आई, हे वायफाय कधीपासून बंद आहे?”

“नेहमी बंदच असतं. बॅटरी खातं असं तूच सांगितलं होतंस. फोन घेतला त्या दिवशी.”

म्हणजे नव्या राउटरला, सहा अँटेनांना आणि त्या आठ तारांना मिळालेली सगळी प्रशस्तिपत्रकं मोबाइल टॉवरची होती. मुलाचा हात फोनकडे गेला. “आजी, थांब, जोडून देतो वायफायला. मग स्पीड बघू किती येतं तुझ्याकडे.”

मी त्याचा हात धरला आणि त्याला खोलीबाहेर नेलं. या घरात एकाच माणसाचं नेट नीट चालतं. त्याला आकडा दाखवायचा नाही.